आपोआप काय बी व्हत न्हाई

गेनूमिस्त्री गाडी दातांनी ऐकायचे. बाभळीची हातभर लांब काठी होती त्यांची. तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दाढेत धरायचं आणि डोळे मिटायचे. उभा जन्म इंजिनांच्या आवाजात गेल्यामुळे कानांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. काठी तोंडात असताना गॅरेजात कुणी बोलायचं नाही, खोकायचंही नाही. एकदा खुद्द साहेब आले आणि "काय मिस्त्री, काय म्हणतंय काम?" असं विचारू लागले. मिस्त्रींनी डोळे न उघडता हात वर करून त्यांना थोपवलं. नगरच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, साहेब चांगली पाच मिनिटं घाम पुसत उभे राहिले.

मी त्या सरकारी गॅरेजात कारकून होतो. दुष्काळाचे दिवस होते. गावोगावी पाणी पोचवायचं, खडीच्या कामांवर माणसं पोचवायची, आणि यातलं काय पोचलं नाही याचे खुलासे मी लिहायचे. सकाळी टेबल पुसावं तर दहा वाजेपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसायची. मला त्या वर्षी कशाचाच उत्साह नव्हता. मिस्त्रींना मात्र होता, आणि तो माझ्या वाट्याला फार यायचा.

कारण त्यांचं एक वाक्य होतं, "आपोआप काय बी व्हत न्हाई, भाऊसाहेब." कचेरीतलं घड्याळ बंद पडलं, डब्यातली आमटी आंबली, साहेबांची बदली रद्द झाली, सगळ्याला हे एकच वाक्य. आणि नुसतं वाक्य बोलून थांबतील तर ते मिस्त्री कसले. मी एकदा सहज म्हणालो की माझी पाठ हल्ली आपोआप दुखते. त्यांनी माझी पूर्ण चौकशी केली, मला उठवून खुर्ची उलटी केली आणि एक पाय आखूड असल्याचा निकाल दिला. मग बाकीचे तीन कापले. ते जरा जास्त कापले गेले म्हणून शेवटी चौथाही कापला. नोकरीची उरलेली वर्षं मी टेबलावर हनुवटी ठेवून सरकारी पत्रव्यवहार केला. पाठ थांबली, मान धरली. ती का धरली हे मी मिस्त्रींना कधीच सांगितलं नाही.

ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असायचे. गाडी आपोआप तापली म्हणणाऱ्याला ते रेडिएटरपाशी उभा करून शेवटचं पाणी कधी घातलं ते विचारायचे. ब्रेक आपोआप गेला म्हणणाऱ्याची तर उलटतपासणीच. "गाडी कशाला खोटं बोलंल? तिला काय पगारवाढ पायजे का?" असं म्हणून ते पुन्हा काठी दाढेत धरायचे.

आमच्याकडे लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक होता. त्याच्यावर पाण्याची टाकी बसवली होती. त्याची चारही चाकं ओढायची, म्हणून जिथे रस्ता संपतो तिथली गावं त्याच्याकडे. एरवी मागची दोनच चाकं ओढत. वाळूत किंवा ओढ्यात ड्रायव्हरने गिअरशेजारचा लाल मुठीचा दांडा खाली दाबला की पुढचीही जोर धरायची. पण कडक रस्त्यावर तो दांडा पडला तर पुढची चाकं अडून बसतात, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि वळणावर गाडी सरळच जाते.

हा ट्रक आधी सुदाम चालवायचा. सुदाम म्हणजे मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेली, बापाने त्याला गॅरेजातच वाढवलं. एके दिवशी भरल्या टाकीनिशी करंजीचा घाट चढताना त्याचा ट्रक वळणावर सरळ गेला आणि कठड्यावर आदळला. सुदामला खरचटलंसुद्धा नाही, पण टाकी फाटली. त्या दिवसांत ते सगळं पाणी कातळावरून वाहून गेलं, आणि वरच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन बघत राहिल्या. सुदाम म्हणाला, दांडा आपोआप पडला, मी हात लावला नाही.

साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी ट्रक ओढून आणवला, पुढचा भाग ठाकठीक केला, आवारात वीस चकरा मारल्या, काठी लावली. दांडा जागचा हलला नाही. साहेबांनी सरळ विचारलं, "मिस्त्री, दांडा आपोआप पडू शकतो का?" समोर सुदाम उभा होता. मिस्त्री म्हणाले, "आपोआप काय बी व्हत न्हाई, साहेब."

तो जबाब मी माझ्या हाताने लिहिला. सुदामचं ड्रायव्हिंग काढून त्याला मिरजगावकडे खडी मोजायला पाठवलं. जाताना तो बायकोलाही घेऊन गेला आणि बापाशी बोलला नाही. त्यानंतर मिस्त्री गॅरेजातच राहू लागले. घरी कुणी नाही म्हणून, असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, घरी पत्रा लई तापतो. गॅरेजालाही पत्राच होता.

नवी टाकी बसली आणि ट्रक शेखभाईंकडे गेला. शेखभाई म्हणजे पाच वेळचे नमाजी, शब्दाला पक्के. महिन्याभरात त्यांनी येऊन खालच्या आवाजात सांगितलं, "मिस्त्री, दांडा पडतोय." पुन्हा आवारात चकरा, पुन्हा काठी, पुन्हा काही नाही. मिस्त्रींनी त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं, पण या वेळी त्यांचा आवाज जरा बारीक वाटला. तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा शेखभाई वैतागून म्हणाले की इथे बसून काय कळणार, माझ्याबरोबर घाटात चला. खुलासा शेवटी मलाच लिहायचा होता, म्हणून मीही चढलो.

टाकी काठोकाठ भरली होती. मिस्त्री मधे बसले, काठी मांडीवर, नजर लाल मुठीवर. मांजर बिळापाशी बसतं तसे. पांढरीच्या पुलावर काही नाही, सपाटीला काही नाही. मला डुलकी लागत होती. घाट सुरू झाला, शेखभाईंनी गिअर उतरवला, ट्रक कण्हायला लागला आणि तो दांडा कुणाचाही हात नसताना हळूहळू खाली गेला. शेखभाईंनी ट्रक तिथेच थांबवला आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

दांडा वर ओढून, मूठ हाताने धरून मिस्त्रींनी उरलेला घाट काढला. वस्तीवर टाकी रिकामी होईपर्यंत ते दगडावर बसून हंडे भरताना पाहत होते. परतताना रिकाम्या ट्रकात दांडा जसाच्या तसा राहिला.

गॅरेजात आल्यावर ते ट्रकखाली शिरले आणि बऱ्याच वेळाने एक काळी चकती घेऊन बाहेर आले. गिअरपेटी ज्या जाड रबरावर बसते ते रबर दबून पापडाएवढं उरलं होतं. भरलेला ट्रक चढाला लागला की पेटी मागे कलायची, दांडा केबिनच्या तळाच्या पत्र्यात अडकायचा आणि पत्राच त्याला खाली दाबायचा. रिकाम्या ट्रकला ते कधीच होणार नव्हतं. आणि चाचणी आम्ही नेहमी रिकामीच घेतली होती, कारण चाचणीवर टाकीभर पाणी घालवायची त्या वर्षी कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवं रबर बसलं. मिस्त्री हात पुसत माझ्या टेबलापाशी आले.

"लिहा, भाऊसाहेब. सुदाम गेनू खरं बोलला. मिस्त्री खोटं बोलला."

मी म्हणालो, अहो, ही चूक झाली, हे काही खोटं नव्हे.

"साहेबांनी भरल्या गाडीचं इचारलं हुतं," ते म्हणाले. "मी रिकाम्या गाडीचं सांगितलं. पोराच्या तोंडावर सांगितलं. लिहा."

साहेबांना ते प्रकरण पुन्हा उकरायचं नव्हतं. तुमच्या सेवापुस्तकात लाल शाईची नोंद होईल, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, असं त्यांनी समजावलं. मिस्त्री "व्हऊ द्या" म्हणाले आणि सही करून बाहेर आले. लाल शाईची नोंदही मलाच करावी लागली. महिन्याभराने सुदामला तोच ट्रक परत मिळाला. ट्रक न्यायला आला तेव्हा त्याने माझ्याकडून किल्ली घेतली आणि मिस्त्रींकडे न बघता निघून गेला. मिस्त्री दिवसभर एका जीपच्या इंजिनावर काठी टेकवून बसले होते. ते इंजिन बंद होतं, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

आठ दिवसांनी दुपारी ट्रक गॅरेजात आला. टाकी रिकामी. सुदामच्या अंगात धुतलेला सदरा होता आणि हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, एका माणसाला पुरून उरतील एवढ्या. त्याने ते गाठोडं मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दांडा परत पडतोय."

मी चमकून मिस्त्रींकडे पाहिलं. हे रबर दहा वर्षं हलत नाही असं त्यांनी स्वतः मला छातीठोकपणे सांगितलं होतं. आता सुरू होणार उलटतपासणी, म्हणून मी पेन खाली ठेवलं.

मिस्त्री सुदामकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पडत आसंल. पाना आन."

दोघं ट्रकखाली शिरले. चांगला बसलेला नट त्यांनी खोलला, पुसला, पुन्हा आवळला. तासभर मला दोन जोडी पाय तेवढे दिसत होते, आणि अधूनमधून पान्याचा आवाज. मग दोघांनी ट्रकच्या सावलीत बसून भाकरी खाल्ल्या. सून मिरची जाळून वाटते, आपण दोघं वाटायचो तशी, एवढंच मिस्त्रींचं बोलणं मला ऐकू आलं.

सुदाम निघताना मी जॉबकार्ड पुढे ओढलं आणि काय दोष लिहू म्हणून विचारलं. मिस्त्रींनी काठी पुसून पेटीत ठेवली.

"लिहा, दांडा आपोआप पडतो," ते म्हणाले. "आठ दिसांनी परत दाखवाया आनायचा."

मी तसं लिहिलं, आणि दुष्काळ सरेपर्यंत दर आठ दिवसांनी तेच लिहीत राहिलो.