भुतेकर आण्णांची ठळक ओळ

भुतेकर आण्णांनी छत्री घ्यायला गेल्यावर काय केलं, ते बदनापूरच्या बाजारात बरेच दिवस चघळलं जात होतं. त्यांनी दुकानदाराला छत्री उघडून धरायला लावली, शेजारच्या चहावाल्याकडून पाण्याची बादली मागून आणली आणि सरळ वरून ओतली. छत्री गळली नाही. कुणीही समाधान मानलं असतं. आण्णा म्हणाले, "वरून ठीक हाय. पण तिरप्या पावसाचं काय?" दुसरी बादली दुकानदाराच्या अंगावर गेली आणि आण्णांना छत्रीविनाच परत यावं लागलं.

आमच्या बियाण्यांच्या कंपनीत आण्णा उगवण तपासायचे. ओल्या कागदावर कपाशीचं बी ओळीनं मांडायचं, कागदाची सुरळी करायची, ती उबदार कपाटात ठेवायची आणि आठवडाभरानं किती उगवलं ते बघायचं. जन्मभर हेच केल्यामुळे त्याची बाधा त्यांच्या उरलेल्या आयुष्याला झाली होती. नवी खुर्ची आली की तिच्यावर आधी सोयाबीनचं पोतं बसायचं, आण्णा नंतर. मी अकाउंटला लागले तेव्हा त्यांनी मला एकच बेरीज तीन वेगवेगळ्या दिवशी करायला दिली. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, तेव्हा कुठे त्यांनी मॅनेजर साहेबांना जाऊन सांगितलं, "ताई चालतील. बराबर हायेत." साहेबांनी मला आधीच नेमलेलं होतं, ही गोष्ट त्यांच्या लेखी फारशी महत्त्वाची नव्हती.

कुणी घाई केली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "जल्दी काय हाय?" चहा गार होवो, पॅसेंजर शिट्टी देवो, आण्णा तेच म्हणायचे. मी रोज जालन्याहून त्या पॅसेंजरनं येऊन-जाऊन करायची आणि मुळात तापट, त्यामुळे ते वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायची.

याच सवयीनं त्यांच्या घराचा घात केला, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्यांना एकुलती एक मुलगी, सुमन. बायको लवकर गेली, पोरीला त्यांनीच वाढवलं. तिनं एक मुलगा पसंत केला. आण्णांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडण तरी झालं असतं. ते म्हणाले, बघू. मुलाला ऑफिसात बोलावून बाकावर तासन् तास बसवून ठेवलं, चिडतो का ते पाहायला. त्याच्या गावात जाऊन चौकशी केली. मग पुन्हा केली, कारण पहिल्यांदा सगळे चांगलंच बोलले होते आणि आण्णांना त्याचाच संशय आला. शेवटी पोरीला म्हणाले, "अजून एक हंगाम जाऊ दे." पोरगी त्यांचीच होती, पण तिच्याजवळ हंगाम नव्हता. तिनं कोर्टात लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर निघून गेली. त्यानंतर कित्येक वर्षं बापलेकीत एक शब्द नाही. आण्णा त्याबद्दल बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू.

आता कॉम्प्युटरकडे येते. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. ऑफिसात मेलसाठी एक कॉम्प्युटर होता आणि तो तपासणीच्या खोलीत आण्णांच्या टेबलाला लागून होता. तेव्हा फोनची लाईन लावून मेल उतरवून घ्यायच्या, फोन तोडायचा आणि मग निवांत वाचायच्या. एकदा उतरवली की ती मेल फक्त आमच्याच कॉम्प्युटरात. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या यायच्या तो चालू असेपर्यंत अगदी गुणी. पण बंद करायला कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की खिडकी पांढरीफटक पडायची, ठण्ण असा आवाज यायचा आणि इंग्रजीत दिलगिरीची एक चौकट उमटायची. पुन्हा उघडलं की मागच्या वेळी उघडल्यापासून आलेल्या मेल गायब.

एके दिवशी कॉम्प्युटरवर आण्णांच्या अक्षरात कागद चिकटलेला दिसला. 'बंद करू नये. भुतेकर.' त्या दिवसापासून तो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. लाईट गेली तर बियाण्याच्या उबदार कपाटासाठी जनरेटर होता, त्याच्यावरून आण्णांनी वायर ओढून कॉम्प्युटरला जोडली. त्याहून विचित्र म्हणजे, पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर त्यांनी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा लावून टाकला. ऑफिसात सगळ्यांनी यथेच्छ हसून घेतलं. मीही हसले.

मग एका दुपारी जनरेटर बिघडला. मेकॅनिक त्याचा एक भाग काढून जालन्याला घेऊन गेला आणि म्हणाला, उद्या आणतो. आमच्याकडे लाईट रोज पाचला जायची. यूपीएसची बॅटरी म्हातारी, चहाला उकळी येईपर्यंत तग धरली तरी खूप. चारच्या सुमाराला आण्णा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याला रंगच नव्हता.

"ताई, जल्दी चला."

मी पेन टाकलं आणि उठले. आण्णांच्या तोंडून तो शब्द प्रश्नचिन्हाशिवाय मी पहिल्यांदा ऐकत होते.

खोलीचं दार लोटून त्यांनी पडद्याकडे बोट केलं. यादीत एकच ओळ ठळक अक्षरात होती. न वाचलेली मेल तशी ठळक दिसते. पाठवणाऱ्याचं नाव सुमन, आणि विषयाच्या जागी रोमन अक्षरांत 'आण्णांसाठी'.

"तुमच्या सुमनची?" मी विचारलं.

"आपल्या बियाण्याच्या थैलीवर पत्ता छापलेला हाय ना, त्याच्यावरून धाडली असंल," ते म्हणाले. "आण् ही दुसरी हाय, ताई. पहिली आल्ती तवा म्हनलं, घाई कशाला, संध्याकाळी निवांत वाचू. त्याच्या आधीच कुणीतरी बंद केलं. गेली. त्याचा जवाब गेला न्हाई. आता हिचा बी गेला न्हाई, तर तिसरी येणार न्हाई."

"अहो, मग इतके दिवस वाचली का नाही?"

आण्णा पुठ्ठ्याकडे बघत राहिले. "रोज वाचायला बसून राह्यलो. हात उचलत न्हाई. आत काय असंल ते..." पुठ्ठ्याचा उलगडा मला तेव्हा झाला. यादीतल्या मेलवर टिचकी मारली की खालच्या चौकटीत ती आपोआप उघडायची. चुकून डोळ्यांना पडू नये म्हणून तो बंदोबस्त होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही.

मी खालची चौकट मेनूतून बंद केली आणि पुठ्ठा काढला. म्हटलं, आधी ही मेल वेगळी काढून ठेवू. माझा हात माउसकडे गेला तसा आण्णांनी तो अडवला.

"पहिलं दुसऱ्या कोणत्या तरी मेलवर बघा."

मला ओरडावंसं वाटलं. पण एका खताच्या जाहिरातीवर करून पाहिलं. वाळूचं घड्याळ पडद्यावर आलं ते जाईचना. पंखा फिरतोय, घड्याळ फिरतंय, आम्ही दोघं श्वास धरून. बऱ्याच वेळानं प्रोग्रॅम जागेवर आला, जाहिरात काही वेगळी निघाली नव्हती. "बघा," आण्णा हळूच म्हणाले. त्यांचंच बरोबर होतं. या आजारी प्रोग्रॅमला आणखी काही उचलायला लावणं धोक्याचं होतं. तो नीट बंद होईल एवढंच बघायला हवं होतं. साडेचार वाजून गेले होते.

बंद होतानाच का कोसळतो? बंद होताना हा असं काय करतो जे एरवी करत नाही? मी सेटिंगमधल्या एकेक खुणा वाचत गेले. एका ठिकाणी बरोबरची खूण होती, बंद होताना टाकून दिलेल्या मेल कायमच्या पुसून टाकाव्यात म्हणून. त्या टाकून दिलेल्या मेलचा कप्पा उघडला तर आत हे एवढं भारंभार सामान, आणि मध्येच कुणीतरी पाठवलेली देवाच्या फोटोंची एक अवाढव्य मेल, अर्धवट उतरलेली. तिच्यावर टिचकी मारताच पुन्हा वाळूचं घड्याळ.

"सापडलं," मी म्हणाले. "आण्णा, रोज बंद होताना हा कचरा पुसायला जातो, या फुटक्या मेलपाशी अडखळतो आणि पडतो. ही खूण काढली की कचऱ्याला हातच लावणार नाही. नीट बंद होईल."

"बिलकुल?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

"म्हणजे बंद केल्याशिवाय कळणार नाही."

आण्णा खुर्चीत बसले. छत्रीवर बादली ओतणारा हा माणूस. इथे बादली एकच होती आणि छत्रीही एकच. "दुसऱ्या मशीनवर बघता येत न्हाई का?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या मशीनवर हा रोगच नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं. मी फुलीवर टिचकी मारली नाही तरी पाचला लाईट ती मारणारच होती, हे मी त्यांना सांगितलं. जरा कडकच सांगितलं.

त्यांनी कपाळाचा घाम सदऱ्याच्या बाहीनं पुसला. "मारा," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी खूण काढली आणि फुलीवर टिचकी मारली. खिडकी पांढरी पडली. आण्णांनी टेबलाची कड घट्ट धरली. मग खिडकी गेली. ठण्ण नाही, चौकट नाही. पडदा स्वच्छ. मी प्रोग्रॅम पुन्हा उघडला. यादी हळूहळू भरत आली आणि तिच्यात ती ओळ होती, सुमनची, तशीच ठळक.

"हाय!" आण्णा लहान पोरासारखे ओरडले. "ताई, हाय! हाय!"

"आता वाचा बरं, लाईट जायच्या आत." मी त्यांच्याकडे माउस सरकवला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. "कोरी मेल उघडा," ते म्हणाले. "पहिलं जवाब लिव्हू."

"अहो, वाचल्याशिवाय जवाब कसा द्यायचा? आत काय लिहिलंय कुणाला ठाऊक! रागावून लिहिलं असेल, काही मागितलं असेल..."

"काय बी असू द्या. जवाब तोच हाय," आण्णा म्हणाले. "वाचलं तर मी इचार करत बसंन, ताई. मला मी ठाऊक हाय."

मी मेल न उघडताच तिच्यावरचा पत्ता उचलला आणि कोरी मेल त्यांच्यासमोर उघडून ठेवली. आण्णांनी एका बोटानं रोमन अक्षरं शोधत शोधत लिहिलं. 'सुमन, ये. दोघं बी या. आण्णा.' एवढ्याला त्यांना इतका वेळ लागला की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं. मग फोनची लाईन लावली. मोडेम किंचाळलं आणि लाईन तुटली. पुन्हा लावली. लाईट गेली, ट्यूबलाईट विझली, यूपीएस पीं पीं करायला लागला. त्या आवाजात मोडेम कसंबसं जोडलं गेलं, निळी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली, आणि मेल गेली.

"गेला जवाब?"

"गेला, आण्णा."

त्यांनी माझ्या हातून माउस घेतला आणि स्वतः फुलीवर टिचकी मारली. प्रोग्रॅम गुपचूप मिटला. पाठोपाठ यूपीएसनंही मान टाकली.

"वाचायची राहिलीच की," मी म्हणाले.

"वाचू उद्या. ती कुठं जाती आता." ते उभे राहिले, सदरा नीट केला आणि मला विचारलं, "ताई, पोरगी येणार म्हंजी घरात काय काय भरून ठेवावं लागंल? मला काय समजत न्हाई त्यातलं."

मला रडू आवरेना. मी तोंड फिरवलं आणि खोलीभर माझी पर्स शोधायला लागले. पर्स माझ्या खांद्यालाच होती.