लाल पानाले लाल्या

बायांनो, मी ठरवलं म्हनजे ठरवलं! इहिरीजवळच्या तुकड्यात यंदा पराटी लावू द्यायची नाई. त्या कापसानं सालोसाल आमचा जीव खाल्ला होता.

"मंग काय लावतं?" आमच्या ह्यांनी, म्हनजे विठ्ठलरावांनी, विचारलं.

"लेट्यूस!"

"तो कोन?"

"सलादचा पाला. लोकं कच्चाच खातेत."

"कच्चा पाला त आपली बकरी बी खाते. तिले विचारलं काय?" हे खो खो हासले. "बरं, लाव. विकला त तुकडा तुहा. फसला त पुढच्या साली पराटी, अन् तोंड बंद!"

"मंजूर!"

बी दिलं यवतमाळच्या इम्तियाजभाऊंनी. ते नागपूरच्या हॉटेलाले भाजी पुरवत. "ताई, पान लालच पाह्यजे बरं! त्या लाल रंगातच अँटीऑक्सिडंट राह्यते. आंगाले जंग लागू देत नाई. त्याच्यासाठीच त लोकं घेतेत."

हे लाल पानाचं मी घरी सांगितलंच नाई. बकरीले विचार म्हने! मी कायले सांगू?

दिवाळीनंतर बी टाकलं. पानं आली, झालरीवानी! मंग लाल झाली. मी दारव्ह्याहून यवतमाळची जीप धरली अन् इम्तियाजभाऊले गाडीसकट घेऊन आली.

पाह्यतो त काय! तुकडा साफ! हे वावराच्या धुऱ्यावर उभे, घामानं निथळून राह्यले, पन तोंडावर हासू.

"शकू, वाचवलं तुले! लाल्या आलता, लाल्या, कापसाचा रोग! बाजूच्या पराटीत शिरला असता त सत्यानाश झाला असता. सारं उपटलं, खड्ड्यात गाडलं, वरून चुना टाकला. जेवलो बी नाई!"

"अहो, ते लालच राह्यते!"

"मंग रोगट बी कायले आनलं?"

इम्तियाजभाऊ खड्ड्यात वाकून पाह्यत होते. "या अल्ला! सारं अँटीऑक्सिडंट दफन केलं?"

मी धुऱ्यावर बसून ढसाढसा रडली. भांडू तरी कोनाशी? हे जवळ येऊन म्हनते, "रडू नको. आपल्या मानसासाठी येवढं करावंच लागते."

शर्त म्हनजे शर्त. पुढच्या साली तिथं पराटी लागली. अन् दिवाळीच्या तोंडावर खराखुरा लाल्या आला! या टोकापासून त्या टोकापर्यंत वावर लालेलाल. आता उपटून तरी किती उपटता? आम्ही दोघं नुसते पाह्यत राह्यलो.

ह्यांनी एक पान तोडलं, उलटंसुलटं केलं, अन् हळूच म्हनते, "शकू, इम्तियाजभाऊले विचारून पाह्य ना. याच्यात बी ते अँटी का काय, असनच ना?"

अन् काय सांगू, मी खरंच फोन लावला!