परवानगीशिवाय बरं झालेलं पिल्लू

एका जंगलात, बाळांनो, एक सोडून दोन विद्यापीठं होती. ओढ्याच्या अलीकडे वडाखाली हत्तीसाहेबांचं, पलीकडे जांभळीखाली अस्वलसाहेबांचं. दोन्ही कुलगुरूंचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही, म्हणून त्यांनी सामंजस्य करार केला. हसू नका रे, मोठी माणसं असंच करतात.

त्या वर्षी रानात दोन ताप आले. एका तापात गुळवेल दिली की लगेच उतार पडायचा. दुसऱ्यात दिली की खेळ खलास! आणि दिसायला दोन्ही ताप अगदी सारखे.

वडाखालच्या सगुणा चिचुंद्रीचं नाक मात्र भलतं तिखट. आजाऱ्याचा श्वास हुंगला की ताप कुठला ते ती चुटकीसरशी सांगायची. जांभळीवाल्यांनी तो श्वास धरून ठेवायला पानाची पुडी बनवली. झालं संयुक्त संशोधन!

एके सकाळी ठकी सशीण तापलेलं पिल्लू छातीशी धरून धावत आली.

"सगुणाताई, लवकर बघा हो! डोळेच उघडत नाही."

सगुणानं पुडीत पिल्लाचा श्वास धरला, हुंगला. तिला कळलं. ती सांगणार, तेवढ्यात हत्तीसाहेब गरजले, "थांबा! करारात काय ठरलंय? निकाल दोघांच्या नावानं जाहीर करायचा. आधी वड, मग जांभूळ."

"वा रे वा! पुडी कुणाची?" अस्वलसाहेब गुरगुरले. "आधी जांभूळ."

समिती बसली. समितीला चहा आला. मग उपसमिती बसली. तिच्या अध्यक्षांना शाल-श्रीफळ द्यायचं राहिलं होतं, तेही उरकलं. इकडे पिल्लाला धाप लागली. ठकी नुसती सगुणाच्या तोंडाकडे बघत राहिली.

सगुणाच्या बिळात खाणारी चार तोंडं होती. नोकरी गेली तर त्यांना काय घालायचं? तिनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे.

"खड्ड्यात गेली नोकरी!" ती ओरडली. "ठके, गुळवेल दे! आत्ताच्या आत्ता दे!"

दुपारपर्यंत पिल्लू टुणटुण उड्या मारायला लागलं. ठकी सगुणाच्या गळ्यात पडून रडली.

आणि संध्याकाळी सगुणाला पत्र आलं: "करारभंग केल्याबद्दल आपणांस सेवेतून कमी करण्यात येत आहे. तसेच रुग्ण परवानगीशिवाय बरा झाल्याने प्रकल्पाचे कधीही न भरून येणारे नुकसान झाले आहे."

तात्पर्य: रोग कितीही झटपट ओळखता आला, तरी श्रेय कुणाचं हे ठरेपर्यंत रोग्यानं आजारी राहून सहकार्य करावं.