तात्यांची धोका पातळी

सकाळी चहाच्याही आधी आमचे शेजारी तात्या कोकणात लेकीला फोन लावतात आणि एकच प्रश्न विचारतात, "पाणी किती फुटावर हाय?" पाणी म्हणजे अरबी समुद्र. आम्ही राहतो कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलाय.

तात्यांना तरी काय बोलायचं? पावसाळ्यात आमच्याकडे रामराम घालायच्या आधी पंचगंगा किती फुटांवर ते विचारतात. एक इशारा पातळी, एक धोका पातळी. भांडी माळ्यावर कधी चढवायची ते त्यावरून ठरतं. एकुलती लेक सुमन समुद्राकाठी दिली, तेव्हा समुद्रालाही हाच नियम असणार असं तात्यांनी धरलं. गेल्या दिवाळीत रंगाचे डबे घेऊन गेले आणि जावयाच्या अंगणातल्या माडावर एक पिवळा, एक लाल पट्टा मारून आले. जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला माणूस, पट्टे अगदी सुतात.

पण समुद्र पायरीपायरीनं चढत नाही. यंदा वैशाखात वारा नाही, ढग नाही, आणि लाट थेट लाल पट्ट्यावर आपटली. जाताना न्हाणीघराची भिंत घेऊन गेली. जावई शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी समजावलं की असल्या लाटा पार दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांतून निघतात आणि दिवसचे दिवस चालत येतात. जग तापतंय तसा तिकडचा वारा वर्षानुवर्षं जोर धरतोय, लाटाही थोराड होताहेत. तात्यांनी चहाच्या टपरीवर एका परक्या माणसाला "पावणं, बसा" म्हणून हे सगळं अर्धा तास ऐकवलं. कुणाचं वादळ आणि कुणाच्या दारात, हा त्यांचा राग. मला आधी हसू यायचं. नंतर येईना.

त्यांना एवढंच हवं होतं, की सुमननं ते घर सोडून नवऱ्या-पोरांसकट इकडं यावं. माडीवरची खोलीही त्यांनी रंगवून ठेवली. ती दर वेळी म्हणायची, बघू.

परवा मी तात्यांच्याच घरी बसलो होतो. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. ते ओरडूनच म्हणाले, "घर काय जिवापेक्षा मोठं हाय व्हय? निघ की."

सुमन शांतपणे म्हणाली, "तात्या, मागच्या मोठ्या पुरात तुम्हाला न्यायला दारात बोट आलती. मी हितनं फोनवर फोन करत हुते. तुम्ही निघालासा?"

तात्या निघाले नव्हते. फोन बंद करून दोन दिवस माडीवर बसून राहिले होते. गल्लीत आम्ही ते कौतुकानं सांगायचो, याची आता लाज वाटली.

तात्यांनी फोन जवळ ओढला. मग आवाज उतरवून म्हणाले, "व्हय बाळ. ते दोन दिवस तू कसं काढलंस, ते मी कवा इचारलंच न्हाय."