आपोआप स्वच्छ होणारा ओव्हन

माळनाक्याच्या राजश्रीबाईंचा भिंतीत बसवलेला ओव्हन मंगळवारी बटण दाबताच आपोआप स्वच्छ झाला आणि त्यानंतर दुसरं काहीही करेनासा झाला. दिवा विझला, दाराला आतून कुलूप बसलं ते बसलंच. रविवारी मालगुंडला भाचीच्या साखरपुड्याला दोनशे नानकटाया न्यायच्या होत्या. "विकतच्या आणू नका," असं वहिनींना बाईंनीच बजावलं होतं.

मदतकेंद्रातल्या मुलीने फोनवर ओव्हनचा क्रमांक विचारला. तो दाराच्या आत असतो, हेही तिनेच सांगितलं. दार उघडत नाही हीच तक्रार आहे, असं बाई म्हणाल्या. क्रमांकाशिवाय तक्रार घेता येत नव्हती. शेवटी यजमान गुरुप्रसाद यांनी माळ्यावरचं खोकं शोधून त्यावरचा क्रमांक वाचला. मग मुलीने ओव्हन स्वच्छ झाला का, असं विचारलं. बाई 'झाला' म्हणाल्या. तेव्हा सुविधा व्यवस्थित चालल्याची नोंद होऊन तक्रार निकाली निघाली. ती पुन्हा उघडायला बुधवार गेला.

गुरुवारी कोल्हापूरहून केतन नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने ओव्हन भिंतीतून ओढून काढला, मागचा पत्रा खोलला आणि उडालेला फ्यूज दाखवला. स्वच्छतेच्या वेळी आत पाचशे अंशांपर्यंत ताप चढतो, तेवढ्या तापाने फ्यूज उडतो, असं त्याने समजावलं.

"मग साफ करायचा तरी कसा रे?"

"ओल्या फडक्याने, काकू. ते बटण ओव्हन स्वच्छ असेल तेव्हाच दाबायचं."

"स्वच्छ असताना कशाला दाबू?"

"ते पुस्तिकेत दिलेलं नाही," केतन प्रामाणिकपणे म्हणाला.

त्याने नवा फ्यूज बसवला. दिवा लागला, दार उघडलं. बाई लोणी फेसायला घेणार, तोच केतनने ते बटण दाबलं. दुरुस्तीनंतर प्रत्येक सुविधा चालवून बघायचा नियम होता. तीन तास तो कोकम सरबत पीत बसला. ओव्हन पुन्हा स्वच्छ झाला आणि दार पुन्हा बंद झालं. दुसरा फ्यूज त्याच्याकडे नव्हता.

राजश्रीबाईंनी जाड बुडाचं पातेलं काढलं, त्यात मीठ पसरलं, वर ताटली ठेवली आणि बाराबाराच्या घाण्याने शनिवारी संध्याकाळपर्यंत दोनशे नानकटाया भाजल्या. काही खालून करपल्या. त्या गुरुप्रसादांनी निमूटपणे खाल्ल्या.

निघण्यापूर्वी केतनने फोन पुढे केला होता. पाच तारे मिळाल्याशिवाय फ्यूजची मागणी पुढे सरकत नाही, असं तो ओशाळून म्हणाला. बाईंनी पाच दिले. त्या ओव्हनला आता चार हजारांवर लोकांचे पाच तारे आहेत, आणि तेवढे फ्यूज अजून यायचे आहेत.

तुम्हीही ते तारे मोजूनच हा ओव्हन मागवलात ना? फडकं मात्र वेगळं घ्यावं लागेल.