गुळाच्या पाण्याचा फवारा

"आबा, एवढंच करा, शेडमधल्या ताटल्यांना हात लावू नका," असं सांगून शिवांजली सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेली आणि तिचे सासरे सुभेदार लालासाहेब यांचा चहा कडू झाला.

अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या एका हाकेला शंभर जवान उभे राहायचे, ते लालासाहेब पेन्शनीवर घरी येऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांना एकही काम कुणी पुरतं करू दिलं नव्हतं. उसाला पाणी पाजायला गेले की गडी म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या सुभेदार." भाजी निवडायला बसले की बायको हरणाबाई परात ओढून घ्यायच्या. आज सूनही तेच म्हणाली. आपण अजून कामाचे आहोत हे निदान या एका पोरीला तरी पटावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती काही फार मोठी नव्हती.

शिवांजलीनं ट्रॅक्टरच्या जुन्या शेडमध्ये लाल मातीच्या चकचकीत भांड्यांची भट्टी मांडली होती. शिरवळच्या बाजूला हायवेवर एक नवं हॉटेल निघत होतं. त्याच्या मालकानं भिंतीवर लावायला पक्ष्यांच्या चित्रांच्या बारा ताटल्या सांगितल्या होत्या. तिची ही पहिली ऑर्डर. ताटल्या एकदा भाजून, ग्लेझच्या, म्हणजे भाजल्यावर काचेसारखी चकाकी देणाऱ्या लेपाच्या, पांढऱ्या काल्यात बुडवून फळीवर वाळत ठेवल्या होत्या. आज संध्याकाळी चित्रं, उद्या भट्टी, रविवारी मालक दारात.

लालासाहेबांनी तिचं काम पाठीमागं हात बांधून कितीदा तरी बघितलं होतं. ग्लेझ वाळलं की खडूच्या भुकटीसारखं बोटाला लागतं. त्यावर तसाच ब्रश फिरवला तर रंग बसायच्या आधी भुकटीच निघून येते. म्हणून आधी डिंकाच्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा, म्हणजे ती घट्ट धरून बसते. नेमका डिंक संपला होता. रंगांबरोबर तो आणायलाच ती गेली होती.

"म्हंजे पोरगी चारला येणार, मग फवारणार, मग ते वाळणार. चित्रं कवा काढणार?" लालासाहेब स्वतःशीच म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "अगं, घरात डिंक हाय का?"

"हाय. पर लेकीच्या बाळंतपणाच्या लाडवांचा हाय," हरणाबाई मान वर न करता म्हणाल्या.

"चमचाभर दे."

"चिमूटभर बी मिळायचा न्हाई."

लालासाहेब मागे हटणारे नव्हते. डिंकाचं काम काय, चिकटवायचं. चिकटवणारी दुसरी वस्तू तर त्यांच्या घरात ढेपांनी होती. स्वतःच्या उसाचा, गुऱ्हाळावर डोळ्यांदेखत आटलेला गूळ! तो बोटाला सोडत नाही, तर भुकटीला काय सोडणार? त्यांनी गूळ पाण्यात विरघळवला, फडक्यातून दोनदा गाळला आणि औषध फवारायचा पाठीवरचा पंप तीनदा धुऊन त्यात भरला. ग्लेझला तेलकट बोट लागलं तर भाजताना तिथं ते फाकतं, असं सुनेनं सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. म्हणून त्यांनी ट्रंकेतले परेडचे पांढरे हातमोजे काढून चढवले.

पाठीवर पंप आणि हातात पांढरे मोजे असा नवरा शेडकडे निघालेला बघून हरणाबाई दारात आल्या. "आवं, ताटल्यांस्नी मावा पडला का काय?"

"तुला न्हाई कळायचं. ही टेक्निकल बाब हाय."

आणि खरं सांगायचं तर काम झकास झालं. अर्ध्या तासात ताटल्या वाळल्या. लालासाहेबांनी मोज्याचं बोट हलकेच फिरवून बघितलं, कणभर भुकटी आली नाही. ते इतके खूश झाले की त्यांनी शेडमध्येच उभ्या उभ्या एक बिडी ओढली.

बिडी संपायच्या आत पहिला मुंगळा आला. पाठोपाठ त्याची पलटण आली. कुडाच्या भोकातून निघून, फळीच्या पायावरून चढून काळी रांग थेट तिसऱ्या ताटलीत उतरली. फडक्यानं झटकावं तर ग्लेझ खरवडणार. लालासाहेबांनी सायकलचा पंप आणला आणि एकेका मुंगळ्याला वाऱ्यानं उडवलं. उडालेला मुंगळा दोन मिनिटांत पुन्हा रांगेत हजर. ही शिस्त त्यांना आवडली असती, पण आज वेळ नव्हता.

"बाजंवर मांडा आन् बाजंचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा," हरणाबाई म्हणाल्या. "आमी फडताळाला तसंच करतो."

सल्ला चोख होता. बारा ताटल्या मोज्याच्या हातांनी एकेक करून अंगणातल्या बाजेवर गेल्या, चार पाय चार वाट्यांत बसले आणि मुंगळे वाटीच्या काठावर येऊन परत फिरू लागले. फक्त ऊन फार होतं. सावली चिंचेखाली होती आणि तिथं कालवड बांधलेली. लालासाहेबांनी कालवड सोडून चार हात पलीकडे खुंटीला बांधली, बाज वाट्यांसकट सावलीत घेतली. "फौजी गाठ हाय," ते बायकोला म्हणाले. "हत्ती बी सोडवायचा न्हाई." मग ते निवांत चहा प्यायला आत गेले.

गाठ खरोखरच सुटली नाही. खुंटी उपटून आली.

ते बाहेर आले तेव्हा दाव्याला खुंटी लोंबकळत असलेली कालवड डोळे मिटून सातव्या ताटलीकडे वळत होती. सहा ताटल्यांवर जिभेचे असे फराटे होते की खालची भाजकी माती लालभडक दिसत होती. मुंगळ्यांना अडवायची सोय त्यांनी केली होती, कालवडीचा विचारच केला नव्हता.

हरणाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता पोरीला काय सांगणार?"

"काय सांगायचं न्हाई," लालासाहेब म्हणाले. दिवाळीचा उरलेला चुना माळ्यावर होता. त्यांनी तो भिजवला, चाटलेल्या जागा मऊ कुंचल्यानं भरून काढल्या आणि चुन्यावर गुळाचं पाणी मारलं. मुंगळे आता चिंचेवर चढून वरून टपकू लागले होते, म्हणून फळीचे पाय वाट्यांत ठेवून बाराही ताटल्या शेडमध्ये नेऊन मांडल्या. कुठली खरी, कुठली चुन्याची, हे त्यांचं त्यांनाच ओळखू येईना.

साडेचारला शिवांजली आली. पिशवी खाली ठेवून तिनं पहिली ताटली उचलली आणि नखानं हळूच टोकून बघितली.

"आबा! फवारा कुणी मारला?"

"मी."

तिनं लगेच ब्रश निळ्या रंगात बुडवला आणि एका दमात खंड्या पक्षी काढला. ब्रश कुठं अडकला नाही, रेघ कुठं फाटली नाही. तिचा चेहरा उजळला. "किती सुंदर बसलंय हो! मला सुद्धा इतकं एकसारखं जमत नाही. हे काम आता कायमचं तुमचं, आबा."

आठ महिने हे वाक्य ऐकायला लालासाहेबांचे कान आसुसले होते आणि आता ते ऐकून त्यांची नजर उरलेल्या ताटल्यांकडे गेली. गप्प बसलं तर आज काहीच कळणार नव्हतं. उद्या भट्टीत चुना सुटून आला असता, तर पोरीनं भट्टीला नावं ठेवली असती आणि मालकापुढं मान खाली घातली असती. शिवांजलीनं दुसरी ताटली उचलली. ती चुन्याची होती, कडेला कुंचल्याचा एक केस चिकटलेला त्यांनी ओळखला.

लालासाहेब टाचा जुळवून उभे राहिले. "सूनबाई, रिपोर्ट हाय. डिंक न्हाई, गूळ हाय. मुंगळं आलं, म्हणून ताटल्या अंगणात नेल्या. सहा कालवडीनं चाटल्या. त्या सहांवर दिवाळीचा चुना हाय. चूक समदी माजी."

हरणाबाई दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शिवांजलीनं ताटली खाली ठेवली आणि स्टुलावर बसली.

"सहाच ना?" ती म्हणाली. "गूळ जळून जातो आणि भट्टीत जाईपर्यंत चुन्यानंही काही बिघडत नाही. धुऊन, सुकवून परत बुडवायच्या. एक दिवस जाईल, रविवार गाठू." मग तिनं दाराकडे बघून आवाज उतरवला. "आबा, एक सांगू? तुम्ही सगळे देवाला गेला होतात ना, तेव्हा मी गुपचूप पहिली भट्टी लावली होती. ग्लेझ जाड बसलं, वितळून खाली उतरलं, सगळे वाडगे एकमेकांना आणि फरशीला चिकटले. फोडून काढावे लागले. शेडमागं पुरलेत. तुम्ही काय म्हणाल म्हणून बोलले नाही."

"किती हुते?"

"सोळा."

"सोळा?" लालासाहेबांची छाती हळूहळू पुन्हा वर आली. त्यांनी मोजे काढून खिशात घातले, बाह्या सारल्या, चुन्याच्या ताटल्या धुवायला बादली ओढली आणि सुनेच्या डोक्यावर मायेनं हात ठेवला.

"आमची सहाच की! तू वाईट वाटून घिऊ नगंस, पोरी. नव्या माणसाचं हुतंय असं."