जाधवकाकांची रेघ

जाधवकाका बेल वाजवत नाहीत, दार बडवतात. मी कडी काढायच्या आत बाहेरून हुकूम येतो, "ताई, आधी मिक्सर बंद करा! माझ्या पडद्यावर लई धिंगाणा घालायलाय!" आत माझी शेंगदाण्याची चटणी अर्धवट भरडलेली असते.

शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या वरच्या मजल्यावर राहतो, पण बसत कुठेच नाही. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितो. मध्येच "आलोच" म्हणून निघून जातो आणि कप आमच्या फ्रिजवर राहतो.

सध्या त्यांना नाद लागलाय रेडिओच्या बोर्डाचा. काडेपेटीएवढी ती पट्टी लॅपटॉपला जोडली की हवेतले सिग्नल पडद्यावर रेघा होऊन दिसतात. तिचा आराखडा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला, आणि जगभरचे हौशी लोक ती तपासून दोष कळवतात. तेही फुकट! "मिळतं काय तुम्हाला?" मी एकदा विचारलंच.

"गावात सप्ताह बसला की भाकरी थापणाऱ्याला कोण पगार देतं?"

चाचणी म्हटली की इमारतभर जमावबंदी. माझा मिक्सर, शेजारचा इन्व्हर्टर, तळमजल्यावरच्या शिकवणीचे पंखे, सगळं बंद. भर मे महिन्यात लोकांचे पंखे बंद करणारा माणूस संभाजीनगरात अजून धडधाकट आहे, हे नवलच.

अखेर त्यांनी पहिला अहवाल पाठवला. बोर्ड बनवणाऱ्यांकडून उलट विचारणा आली: तुमच्या चाचणीत एक रेघ सारखी वर उडते, दोष बोर्डाचा की जागेचा? शांत ठिकाणी पुन्हा तपासा, नाहीतर अहवाल घेता येणार नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पैलाच अहवाल अन् नापास व्हतो काय हो ताई!"

"मग दौलताबादच्या पुढं जा की. मोकळं रान आहे."

"अन् हिला कुणावर सोडू?"

काकू वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी असते, तिचा पंप रात्रंदिवस चालतो. काकांचं ते "आलोच" त्यांची कूस बदलण्यासाठी असतं. मी माझ्या सासूबाईंना काकूंजवळ बसवलं आणि काकांना जवळजवळ ढकलतच गाडीत घातलं.

दौलताबादच्या पुढे एका बांधावर लॅपटॉप उघडला. रेघ जागची हलेना, अगदी सरळ. "बोर्ड पास! दोष जागेचाच होता!" मी ओरडले. काका कपाळावरचा घाम पुसत पडद्याकडे पाहत राहिले.

"घरी उडते ना ती रेघ, ती आमच्या गादीच्या पंपाची. मला ठावं व्हतं."

"मग पंप घटकाभर बंद करायचा!"

"हिच्या खालचा?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच शरमल्यासारखं झालं.

तरी मी हट्टाने विचारलं, "मग माझा मिक्सर कशाला बंद करत होतात? रेघ तर तुमच्या घरातली!"

"त्याच्या गोंधळात पंपाची रेघ दिसायची नाय. मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर असलो तरी ती उडाली की कळतं, गादी फुगायली. हिचं बरं चाललंय." त्यांनी घाईघाईने वायर गुंडाळायला घेतली. "अहवाल घरून पाठवू. आधी चला. इथं काहीच उडंना ताई, माझा धीर निघंना."

मी गाडी वळवली.